टाळ्यांचा दोष श्रोत्यांच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉयर (वृंदगायकांचा संच) आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा एकत्र कार्यक्रम झाला की परीक्षणांत आणि वाचकांच्या पत्रांत एक तक्रार हमखास उमटते : दोन मूव्हमेंटच्या (रचनेच्या स्वतंत्र भागांच्या) मध्येच टाळ्या पडल्या, लोकांना संगीत कळत नाही. या तक्रारीचा रोख चुकतो. मधल्या टाळीने सहसा फार बिघडत नाही. बिघडते ते शेवटचा सूर सभागृहात अजून विरत असताना पडलेल्या टाळीने. आणि या दोन्ही टाळ्यांची कारणे शोधायला गेले तर ती बहुतेक वेळा रंगमंचावर, छापील पत्रिकेत आणि कार्यक्रमाच्या आखणीत सापडतात. श्रोते बिचारे समोर जे दिसते आणि ऐकू येते त्यालाच दाद देत असतात.

मूव्हमेंटच्या मध्ये गप्प बसावे हा दंडक जुन्या संगीतकारांनी घातलेला नाही. मोत्सार्टने ३ जुलै १७७८ रोजी पॅरिसहून वडिलांना लिहिलेले पत्र यासाठी वाचण्यासारखे आहे. नव्या सिम्फनीच्या (ऑर्केस्ट्रासाठीच्या, अनेक मूव्हमेंटच्या मोठ्या रचनेच्या) पहिल्या मूव्हमेंटच्या मध्यावर लोकांना आवडणारच अशी एक जागा आपण घातली, ती येताच टाळ्यांचा गजर झाला, आणि तसे होणार हे ठाऊक असल्यामुळे तीच जागा शेवटाकडे पुन्हा आणली होती, असे तो समाधानाने सांगतो. शेवटच्या मूव्हमेंटची सुरुवात त्याने फक्त व्हायोलिनांवर, दबक्या आवाजात ठेवली. अपेक्षेप्रमाणे लोक एकमेकांना गप्प करू लागले. पाठोपाठ अख्खा ऑर्केस्ट्रा जोरात आला आणि त्याच क्षणी टाळ्या पडल्या. श्रोत्यांचा आवाज त्याने रचना करतानाच हिशेबात धरला होता. बीथोवनच्या सातव्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट तर ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात, पहिल्याच कार्यक्रमात, लोकांनी पुन्हा वाजवून घेतली.

शांततेची मागणी पुढे वाढत गेली. मेंडेल्सनने १८४४ मध्ये पूर्ण केलेल्या व्हायोलिन कंचेर्टोत (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेत) पहिली मूव्हमेंट संपताना ‘बसून’ या फुंकवाद्याचा एक सूर धरून ठेवला आणि त्याच सुरावरून दुसरी सुरू केली, म्हणजे टाळीला फटच उरली नाही. शोनबर्गने १९१८ मध्ये व्हिएन्नात काढलेल्या खासगी संगीत-मंडळात कौतुकाच्या टाळ्या आणि निषेधाचे हुर्यो दोन्ही बंद होते. ज्याला आज आपण शास्त्रीय संगीताचा सनातन शिष्टाचार समजतो तो या वाटेने आला आहे.

श्रोत्यांची प्रतिक्रिया जागेवर किती अवलंबून असते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण व्हर्दीच्या रेक्विएमचे (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचे). २२ मे १८७४ रोजी मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये ही रचना प्रथम सादर झाली. चर्च असल्यामुळे टाळ्यांना मज्जाव होता आणि लोक निमूट बसले. तीनच दिवसांनी ला स्काला नाट्यगृहात तीच रचना, कंडक्टर स्वतः व्हर्दीच, आणि तिथे भागाभागाला टाळ्या, काही भाग तर पुन्हा गायला लावले. शहर तेच, आठवडाही तोच. समज कमी-जास्त झाली नव्हती, फक्त छप्पर बदलले होते.

मधल्या टाळीचे नफा-तोटे आता वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांच्या बाजूने पाहू. दोन मूव्हमेंटच्या मधल्या पंधरा-वीस सेकंदांत रंगमंचावर पुष्कळ कामे उरकायची असतात. टिंपनीवाला (नगाऱ्यासारखी वाद्ये वाजवणारा) पुढच्या मूव्हमेंटसाठी तांब्याच्या भांड्यांचे सूर बदलून घेतो आणि कान जवळ नेऊन बोटाने हलकेच तपासतो. ओबो आणि क्लॅरिनेटवाले चाव्यांखाली साचलेले पाणी कागदाने टिपतात किंवा फुंकून काढतात. हॉर्न आणि ट्रंपेटमधले पाणी काढून टाकले जाते. तारवाद्यांची एखादी उतरलेली तार पुन्हा चढवली जाते. कॉयरला घसा साफ करायचा असतो. श्रोत्यांच्या टाळ्यांखाली ही सगळी खुडबुड झाकली जाते. एखादी मूव्हमेंट दणदणीत संपली आणि लोकांनी पाच-सहा सेकंद टाळ्या वाजवल्या, तर कंडक्टरने हसून मान झुकवावी आणि पुढे जावे. वळून बोटाने गप्प करू नये. तसे केले की अपमान होतो एका माणसाचा आणि अवघडून बसतात हजार.

मधली टाळी खरोखर नडते ती दोन ठिकाणी. पहिले म्हणजे दोन भाग न थांबता जोडलेले असतात तिथे. दुसरे ठिकाण कॉयरमध्ये उभे राहिल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. पुढचा भाग वाद्यांच्या साथीशिवाय, केवळ गळ्यांवर सुरू होणार असेल तर गायक आपला सूर आधीच्या भागाच्या शेवटच्या कॉर्डमधून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छातून) उचलतात आणि मनात धरून ठेवतात. आल्टोचा (स्त्रियांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजाचा) सूर त्या कॉर्डच्या पोटात असतो, तो धरणे सर्वांत अवघड. पाच सेकंदांच्या टाळ्यांत तो पुसला जातो, आणि मग साठ गळे चार वेगवेगळ्या अंदाजांनी सुरू होतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक विभागात एकाजवळ ट्यूनिंग फोर्क (ठरावीक सूर देणारा धातूचा चिमटा) असावा, किंवा ऑर्गनवाल्याने टाळ्या ओसरता ओसरता तो सूर हलकाच द्यावा. ही तयारी तालमीत झालेली असली की टाळ्यांची भीती उरत नाही.

काही रचना तर लोकांना फसवतातच, आणि ते मान्य करायला हवे. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीची तिसरी मूव्हमेंट म्हणजे चढत जाणारे मार्च, तिचा शेवट कुठल्याही सिम्फनीच्या शेवटासारखा. त्यानंतर संथ, शोकमग्न चौथी मूव्हमेंट आहे हे ज्याला ठाऊक नाही तो उठून टाळ्या वाजवणारच. त्याच्याच पाचव्या सिम्फनीत शेवटच्या मूव्हमेंटमध्येच ऑर्केस्ट्रा जोरात येऊन थांबतो, आणि कोडा म्हणजे समारोपाचा तुकडा अजून बाकी असतो. सिबेलियसच्या पाचव्या सिम्फनीच्या शेवटी सहा कॉर्ड आहेत, प्रत्येक दोहोंमध्ये लांब शांतता. तिसऱ्या-चौथ्यालाच कुणीतरी टाळी देतो. हायडनने नव्वदाव्या सिम्फनीत हे जाणूनबुजून केले : खणखणीत शेवट, मग चार बार (तालाची आवर्तने) शांतता, आणि मग भलत्याच स्केलमध्ये पुन्हा सुरुवात. तिथे लोक फसले नाहीत तर रचनेची गंमतच गेली. अशा ठिकाणी कंडक्टरच्या हाती एकच साधन असते, ते म्हणजे त्याचे शरीर. दोन्ही हात छातीच्या वर तसेच धरले, बॅटनचे (हातातल्या काठीचे) टोक खाली आले नाही, खांदे ऑर्केस्ट्राकडेच राहिले, तर पाठमोऱ्या माणसाकडे पाहूनही सभागृहाला कळते की अजून संपलेले नाही. हात खाली सोडून पान उलटले की टाळी पडली म्हणून समजा.

हँडेलच्या ‘मेसाया’ या धार्मिक रचनेतील हालेलुया कोरसला (समूहगीताला) उभे राहण्याची प्रथा हा वेगळाच प्रकार. लंडनमध्ये राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. प्रत्यक्षात लंडनचा पहिला प्रयोग १७४३ चा आणि या कथेचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १७८० च्या एका पत्रातला, तोही ऐकीव. राजा त्या वेळी हजर होता याला समकालीन पुरावा नाही. उभे राहण्याला माझा विरोध नाही, पण कॉयर येण्याआधी तारवाद्यांचे तीन बार आहेत आणि हजार खुर्च्यांच्या बैठका खाडखाड मिटल्या की ते तीन बार गेलेच. शिवाय शेवटच्या ‘हालेलुया’आधी पूर्ण शांततेची एक फट आहे. गायकांसाठी तर ती सापळा आहेच (तिथे एकटाच गाऊन गेलेला टेनर जन्मभर विसरत नाही), पण टाळीसाठीही आहे. आणि हा कोरस म्हणजे दुसऱ्या भागाचा शेवट. तिसरा भाग पुढे आहे, हे पत्रिकेत ठळक छापले नाही तर लोक कोट उचलून बाहेर पडतात आणि पुढच्या सोप्रानोला अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर सुरुवात करावी लागते.

बीथोवनची नववी सिम्फनी घेऊ, कारण आयोजकांची आखणी टाळ्या कशा ओढवून घेते हे तिथे नीट दिसते. चार सोलोइस्ट (एकल गायक) गातात ते फक्त चौथ्या मूव्हमेंटमध्ये. त्यांनी तीन-चतुर्थांश तास रंगमंचावर नुसते बसू नये म्हणून त्यांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या मूव्हमेंटनंतर आत आणतात. सुंदर पोशाखातले चार कलाकार चालत आले की सभ्य श्रोता टाळ्या वाजवतो. त्यात त्याची काय चूक? तिसरी मूव्हमेंट संपल्यावर तर हे करूच नये, कारण चौथीची सुरुवात म्हणजे तिसरीच्या शांततेवर पडलेला घाव आहे. मध्ये टाळ्या आल्या की तो घाव बोथट होतो. उत्तम म्हणजे सोलोइस्टनी सुरुवातीलाच कंडक्टरबरोबर यावे आणि पाण्याचा पेला खुर्चीखाली ठेवून बसावे. ते जमणार नसेल तर दुसऱ्या मूव्हमेंटनंतर, उशिरा आलेल्या श्रोत्यांना आत सोडतात त्याच वेळी, दिवे न वाढवता, बाजूच्या दाराने आणि ओळीने न येता एकेकट्याने बसावे.

कॉयर कधी उठतो यावरही खूप अवलंबून असते. ऐंशी माणसे एकदम उठली की फळ्या करकरतात, फोल्डर उघडतात, खुर्च्या सरकतात. नवव्या सिम्फनीत यासाठी सोयीची जागा आहे : चौथ्या मूव्हमेंटच्या आरंभीचा तो कर्कश गजर बॅरिटोनच्या प्रवेशाआधी पुन्हा येतो, त्याच्या आडोशाने उठावे. मूव्हमेंट सुरू होण्याआधीच उठवले तर श्रोते सावरून बसतात, कुजबुजतात, कुणी टाळीही देतो. माहलरच्या दुसऱ्या सिम्फनीत उलट आहे. तिथे कॉयरचा प्रवेश इतका हळू आहे की अनेक कंडक्टर तो बसूनच गायला लावतात आणि पुढे आवाज वाढल्यावर उठवतात. तिथे आधी उठवले की लोकांना प्रवेश दिसतो, आणि तो जो कुठूनसा उगवल्यासारखा यायला हवा तो तसा येत नाही. याच सिम्फनीत पहिल्या मूव्हमेंटनंतर किमान पाच मिनिटे थांबावे अशी सूचना माहलरने स्कोअरमध्ये (रचनेच्या स्वरलिपीत) लिहिली आहे. ती फारसे कुणी पाळत नाही. पण कॉयर आणि सोलोइस्ट आत आणायला, उशिरा आलेल्यांना बसवायला याहून बरी जागा त्या संध्याकाळी मिळणार नाही.

पत्रिकेबद्दल थोडक्यात. गाण्याचे शब्द आणि अनुवाद छापले की श्रोते ते वाचत ऐकतात, हे चांगलेच. मात्र पान उलटण्याची जागा सर्वांत हळू ओळीवर आली तर सभागृहभर एकदम कागद सळसळतो आणि तो ध्वनिमुद्रणातही स्पष्ट ऐकू येतो. मजकूर लावणाऱ्याने स्कोअर माहीत असलेल्या माणसाला शेजारी बसवावे, पान संपेल ते जोरात वाजणाऱ्या जागी किंवा मूव्हमेंटच्या शेवटी. चकचकीत आर्ट पेपर नको, जाडसर, बिनचकाकीचा, मऊ कागद घ्यावा. दोन मूव्हमेंट जोडलेल्या असतील तर ‘न थांबता’ हे शब्द त्याच ओळीत छापावेत, खाली टीप म्हणून नव्हे. आणि वाचता येईल इतका उजेड प्रेक्षागृहात ठेवावा, नाहीतर लोक मोबाइलचा दिवा लावतात.

मोबाइलचे म्हणाल तर ‘सायलेंट करा’ ही सूचना अपुरी आहे. बहुतेक फोनमध्ये सायलेंट असतानाही अलार्म वाजतो. १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक माहलरच्या नवव्या सिम्फनीच्या अगदी शेवटाशी आलेला असताना असाच अलार्म वाजत राहिला आणि कंडक्टरला ऑर्केस्ट्रा थांबवावा लागला. ‘फोन पूर्ण बंद करा, अलार्म सायलेंटमध्येही वाजतो’ असे वाक्य घोषणेत हवे. खोकल्याचे तसेच. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या पत्रिकांत पूर्वी एक टीप असे : मध्यम जोरात वाजवलेला हॉर्नचा सूर सुमारे ६५ डेसिबल भरला, आणि रुमालाविना दिलेला एक खोकलाही तितकाच. रुमाल तोंडाशी धरला की त्याचा हळू सूर होतो. धमकावण्यापेक्षा अशी माहिती दिलेली लोक आनंदाने पाळतात. गोळीचा कागद मात्र हळूहळू उलगडू नये. हळू केल्याने आवाज कमी होत नाही, नुसता लांबतो.

आता शेवटची शांतता. चांगल्या कॉन्सर्ट हॉलमध्ये नाद ६० डेसिबलने उतरायला साधारण दोन सेकंद लागतात, उंच दगडी चर्चमध्ये याच्या कित्येक पट. म्हणजे वाद्यांवरून धनू उचलले गेले तरी संगीत हवेत चालूच असते. रिकाम्या हॉलमधल्या तालमीत हा नाद जास्त लांब राहतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइनने १८९५ पासून हार्वर्डमध्ये खुर्च्यांच्या गाद्या ठेवून-काढून केलेल्या मोजमापांतून हे पक्के झाले. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला शेवट भरलेल्या हॉलमध्ये आखूड वाटतो आणि कंडक्टर नकळत हात लवकर सोडतो. हळू संपणाऱ्या रचनांत हे फार जाणवते. व्हर्दीचे रेक्विएम सोप्रानो आणि कॉयरच्या पुटपुटण्यावर मावळते, ब्राम्सचे जर्मन रेक्विएम ‘सेलिग’ (धन्य) या शब्दावर शांत होते. ब्रिटनचे वॉर रेक्विएमही तसेच, १९६२ मध्ये कोव्हेंट्री कॅथीड्रलमध्ये ते प्रथम झाले तेव्हा टाळ्या वाजवू नयेत अशी विनंतीच होती.

ती शांतता मोडण्याची सुरुवात बहुधा कॉयरमध्ये होते, हे मी जबाबदारीने लिहितो. शेवटचे व्यंजन सगळ्यांनी एका ठोक्यावर न टाकता मागेपुढे टाकले की ‘स’कारांची फुसफुस होते आणि लोकांना वाटते, संपले. कुणी फोल्डर मिटतो. कुणी शेजाऱ्याकडे पाहून हसतो. मागच्या रांगेतला एक जण वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकतो. श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर कंडक्टरची पाठ असते, पण गायकांचे चेहरे असतात, आणि ते चेहऱ्यांवरून शेवट ओळखतात. तालमीत हे वाजवण्या-गाण्याइतकेच बसवले पाहिजे : आवाज थांबल्यावर फोल्डर उघडेच, नजर बॅटनवर, श्वास हळू, तारवाद्यांची धनू तारांलगत, आणि कंडक्टरचे खांदे उतरेपर्यंत कुणी हलायचे नाही. पूर्ण पोशाखातल्या तालमीत घड्याळ लावून दहा सेकंद हा सराव करावा. दहा सेकंद किती लांब असतात हे तेव्हाच कळते. २०१० मध्ये ल्युसर्नला कंडक्टर क्लाउडिओ आबाडो यांनी माहलरची नववी सिम्फनी संपवल्यावर सभागृह सुमारे दोन मिनिटे निःशब्द होते. ते रंगमंचावरच्या निश्चलतेशिवाय घडले नसते.

कारण टाळी सांसर्गिक असते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की माणूस टाळी सुरू करतो आणि थांबवतो ते खोलीत किती जण वाजवत आहेत यावरून, शेजारी कोण काय करतो यावरून तितकेसे नाही. म्हणजे एका उतावळ्याच्या ‘ब्राव्हो’ने बांध फुटतो आणि मग थांबलेल्यांनाही थांबता येत नाही. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात तालात पडणाऱ्या टाळ्यांचे गणित आहे. लोक आपला वेग जवळजवळ निम्मा करतात तेव्हाच टाळ्या एका ठेक्यात येतात, पण वेग कमी झाल्याने एकूण आवाज घटतो. मग उत्साहाने वेग वाढतो आणि ठेका पुन्हा मोडतो. ठेका येतो-जातो तो यामुळे.

याचा उपयोग अभिवादनाचा क्रम लावताना होतो. टाळ्यांचा पहिला भर मिनिटभराचा असतो, आणि तो बहुतेक वेळा कंडक्टर व सोलोइस्टच्या ये-जा करण्यात संपतो. महिनोन्‌महिने तालीम घेतलेला कॉयरमास्टर विंगेतून बाहेर येईपर्यंत लोक पर्स शोधू लागलेले असतात. क्रम असा ठेवावा : सोलोइस्ट जागेवरच वाकतील, लगेच कॉयर, आणि कॉयरमास्टर शेवटच्या मूव्हमेंटपासूनच विंगेच्या दाराशी उभा. त्याला पहिल्याच फेरीत बोलवावे. हॉर्न, ओबो, टिंपनी यांना एकेकटे उठवणे दुसऱ्या फेरीत.

आणि ज्यांनी टाळी दिली नाही ते थंड होते असे परीक्षकांनी लिहू नये. संगीत-मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारून नोंदवले होते की रोमांच उभे राहतात ते अनपेक्षित हार्मनीपाशी, आणि डोळे भरून येतात ते बहुधा लगतच्या सुरावर रेंगाळून मग घरी परतणाऱ्या स्वरांपाशी. यातले काहीही बाल्कनीतून दिसत नाही.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. कार्यक्रमांच्या सदरात वेळ आणि ठिकाण यांच्या जोडीला रचनेची एकूण मिनिटे, मूव्हमेंट किती आणि त्यांतल्या कोणत्या जोडलेल्या, मध्यंतर आहे की नाही, शब्द कोणत्या भाषेत आणि शेवट जोरात की हळू, एवढे पाच तपशील छापावेत. आयोजकांकडून ते मागवून घेता येतात आणि तीन ओळींत मावतात.

आपला,
वृंदगानाचा एक अभ्यासक